अर्धा कुठून आला

रात्रशाळेत विरकर बाईंनी सूत्र लिहिलं.
मी विचारलं, हा अर्धा कुठून आला?
बाई म्हणाल्या, दिवसा काय ढकलतोस?

हातगाडी. चिंचबंदर ते दाणाबंदर,
बारा गोणी हरभरा, पुढे म्हातबा, मागे मी.

सुटताना वेग किती?
शून्य.
मग शेवटी कितीही धावलास तरी सरासरी निम्मीच.
तो तुझा अर्धा,
उभ्याचा निघाल्याचा.

आणि वेग दोनदा का?
एकदा रेट्यात, म्हणाल्या, एकदा अंतरात.
जितका वेग चढवायचा तितका जोर जास्त,
आणि तेवढ्याच वेळात रस्ताही जास्त मागे पडतो.
वेळ वेळाला छेदून गेला,
खडूची भुकटी त्यांच्या पदरावर.

आज पहाटे रस्ता मोकळा होता,
कालच्या दुप्पट पळवली.
मांजर आडवं आलं. म्हातबा ओरडला, धर!
मी मागे ओणवा, टाचा डांबरावर.
काल एका दुकानाच्या लांबीत थांबली होती,
आज चार शटरं गेली.

गाडीच्या अंगात आलंय, म्हातबा म्हणाला.
आपणच घातलेलं, मी म्हटलं,
पोटरीतून, सुटल्यापासून, थोडं थोडं.
त्यानं ऐकलं नाही.
तो चप्पल शोधत होता.