मागचा डावा

शाळेच्या सत्काराला उभं करून विचारतात,
"रेसमध्ये कितवा आला?"
रेस नसते ती, मी सांगतो, तीन दिवसांचं काम असतं.
पहिल्या दिवशी इस्त्रीचा लांब कोट,
पंचांना सलाम, आणि घोड्याने असं चालायचं
की पाठीवरचा माणूस काहीच करत नाहीये असं वाटावं.
दुसऱ्या दिवशी रान. ओंडके, चर, कमरेइतकं पाणी.
तिसऱ्या दिवशी रंगीत दांड्या, त्या पाडायच्या नाहीत.
"मग पैसे कशावर लावतात?"
असं म्हणून मुख्याध्यापक माझ्या खांद्यावर चादर टाकतात.
मोराची नक्षी. वजनाला चांगली.
असली एक मी परदेशी तबेल्यात सरहदच्या पाठीवर टाकायचो,
तिथली पोरं विचारायची, कुठल्या कंपनीची?

अब्बांचं दुकान विजापूर वेशीत.
ऐरण, कानस, नालांचा ढीग,
समोर मागांचा कारखाना, रात्रंदिवस खटखट.
त्या खटखटीतून, मान वर न करता, अब्बा म्हणायचे,
"मलकप्पाची गंगी. पुढचा उजवा. नाल ढिला."
मलकप्पा अजून वळणावर आलेलाही नसायचा.

टांगा सुटला की रात्री गंगी माझी.
खोगीर नाही, ज्वारीचं रिकामं पोतं.
कंबर तलावापर्यंत जायचं, परत यायचं,
मध्ये कुठेतरी पडायचं.
भरतीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, घोड्यावर बसता येतं?
म्हटलं, पडता येतं.
ते हसले नाहीत. लिहून घेतलं.

मग चौदा वर्षं.
एक खांद्याचं हाड, एक मनगट, एक खुबा.
एक रुपेरी पदक संघाचं, एक कांस्य माझं एकट्याचं,
दोन्ही अब्बांकडे खिळ्यांच्या डब्यात आहेत,
पाहुणा आला की डबा उपडा करावा लागतो.

पण मी सांगत नाही ती सकाळ पोलंडमधली.
रान पार करून आम्ही दुसऱ्या नंबरवर.
तिसऱ्या दिवशी आधी तपासणी,
डांबरी पट्टीवर घोडा दुडकवत न्यायचा, आणायचा.
खिशात फोन चालू, सोलापूरला अब्बा ऐकत.
डॉक्टर म्हणाले, पास.
खिसा म्हणाला, "मागचा डावा खोटं बोलतोय बे."

पाय चाचपला. गरम नाही, सूज नाही.
सरहद माझ्या बाहीला नाक घासत राहिला.
मी जाऊन नाव काढून घेतलं.
प्रशिक्षक विमानात बसेपर्यंत बोलले नाहीत,
आणि विमानातही नाहीत.
फोटोत काहीच निघालं नाही. एक रेघसुद्धा.

दुसऱ्या वर्षी सिव्हिलमध्ये कान तपासले.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा कान पूर्ण गेलाय,
उजवा निम्मा, आणि हे कालपरवाचं नाही,
तुमच्या घरासमोर माग आहेत का?
अब्बा बाहेर बाकावर चहा फुंकत होते.
मी त्यांना फक्त गोळ्यांचं सांगितलं.

त्यानंतरची दोन्ही पदकं सरहदची.
सतराव्या वर्षापर्यंत तो उडत होता.
त्या दिवशी उडवला असता तर
एक पदक जास्त झालं असतं, की दोन कमी,
हे रात्री मी कधीकधी मोजतो. जमत नाही.

आता गल्लीत घोडा येत नाही.
कारखान्याच्या शटरवर भाड्याने देणे आहे.
अब्बा फळकुटावर बसून गेटच्या कड्या ठोकतात.
चादर काखेत घेऊन मी आलो,
बूट काढले, दोन पावलं टाकली.
ते मान वर न करता म्हणाले,
"डावा. कधीपासून?"

ऐकू येणं शक्य नव्हतं.
फळकुट हललं असेल.
मी खांबाला धरलं, पाठ फिरवली,
आणि पाय मागे उचलून
त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये दिला,
गंगी द्यायची तसा.
त्यांनी टाच अंगठ्याने दाबली
आणि कानस शोधायला हात मागे नेला.