बोलायचं बटण

मेळ्यातून पोतं आलं. गव्हाचं पोतं, आत अकरा वॉकीटॉकी,
आणि तोमरसाहेबांची दोन शब्दांची चिठ्ठी: सब ख़राब.
मागोमाग ते स्वतःच आले, हात चोळत,
जिन्याखाली वाकून म्हणाले, कोहरे की वजह से, मॅडम.

धुकं काही करत नाही, साहेब.
धुक्यातून आवाज आरामात जातो.
थंडी मात्र बॅटरी पिते,
दोनला भरलेली दिसते, अडीचला मेलेली.
अंगाशी ठेवा, बंडीच्या खिशात,
टपरीच्या पत्र्यावर नको.

पहिल्या चारांना काहीच झालं नव्हतं.
चॅनेल तोच, आतला कोड कुणीतरी फिरवलेला,
म्हणजे एकाच खोलीत बसून
एकमेकांना ऐकू न येणं.
आमच्या घरी त्याला कोड लागत नाही.

पाचव्याची खरखर घालवायला
स्क्वेल्च इतका चढवला होता
की खरखर गेली आणि माणसंही गेली.
सहाव्याच्या पट्ट्यांवर हिरवं चढलेलं, खोडरबर पुरला.
सातवा घोड्यांच्या हौदात पडला होता,
त्याचे उपयोगी अवयव काढून डबीत ठेवले.
आठवा अँटेनाला धरून वागवलेला,
कोंबडी मानेला धरून नेतात तसा.
नववा, दहावा असेच काहीतरी.

अकरावा रामहेतचा.
बटण दाबलेलं, ते दाबलेलंच.

तोमर स्टुलावर बसले.
त्या रात्री साडेनऊपासून, म्हणाले,
सगळ्या मेळ्यात एकटा रामहेत.
तो खोकतोय, तो नाक ओढतोय,
आणि एक बटण दाबलेलं असलं की बाकी सगळे मुके,
हे मी तुम्हाला काय सांगायचं.
त्याला स्वतःलाही काही ऐकू येत नाही,
बोलणाऱ्याला येतच नाही.

नेमकी तेव्हाच एक बाई आली, तिची पोर हरवलेली, चार वर्षांची.
सगळ्या गेटांना कळवायचं तर हवेत रामहेत:
और लेगी?
आणि बारीक आवाज: हां.
ऊंट के दांत कितने?
गिन के आ.
नहीं, काट लेगा.

बाईने माझ्या हातातून सेट ओढला,
बटण दाबून पोरीचं नाव घेऊन ओरडली. तीनदा.
बटण सोडलं तर तिकडून:
ऊंट को स्वेटर क्यों नहीं पहनाया?

ऊंट म्हणजे गेट चार, तोमर म्हणाले,
आम्ही पळालो.
मग जरा थांबून: एका दिवसाचा पगार कापलाय त्याचा.
ड्यूटीवर खात होता.

मी चार स्क्रू काढले.
रबराखाली गूळ, काचेसारखा घट्ट,
आणि मुरैन्याच्या गजकचा एक तीळ.
संक्रांत होऊन चार दिवस झाले होते.
तीळ चिमट्याने उचलून कागदावर ठेवला,
स्पिरिटचा बोळा फिरवला, बटण वर आलं.
टक्. टक्.

बिलात लिहिलं:
क्रमांक अकरा, रबर झिजलेलं, बदललं.
दोष यंत्राचा, वापरणाऱ्याचा नाही.
खाली सही, प्रमिला राजवाडे, दौलतगंज,
आणि दुकानाचा शिक्का जरा जोरात.

संध्याकाळी गिरिजेशला एक सेट देऊन हजिऱ्याकडे धाडलं.
बटण दाब, एक श्वास थांब, मग बोल,
नाहीतर पहिला शब्द इथेच राहतो.
माईक तोंडात घालू नकोस.
बोलून झालं की बोट उचल.

ताई, बाडा पार.
ताई, शिंदे की छावनी. चाय पी लूँ?
पी.
ताई, किला के
आणि मग खर्रर्र.

किल्ला मध्ये आला. ते दुरुस्त होत नाही.
तेवढा दगड चालत पार करावा लागतो,
वीस मिनिटं, सायकल पंक्चर नसेल तर.
कागदावरचा तीळ मुंगीने मघाशीच नेला होता.
मी आवाज पूर्ण केला,
बोट बटणावरून बाजूला घेतलं
आणि बसून राहिले.