तेराशे एकतीस पाय

आंब्याच्या पेटीच्या फळ्या तासून केलेला खोका,
आत एक हिरवा बोर्ड, तळहाताहून जरा मोठा.
सुटे भाग कणकवलीहून एसटीच्या पार्सलातून आले,
प्रत्येक वेगळ्या गावचा, वेगळ्या दुकानातला,
आणि मी, मच्छीमार सोसायटीची कारकून,
डिझेलच्या पावत्या बाजूला सारून
त्यांची सोयरीक जुळवत बसले.

बटण दाबलं.
पंखा तीन सेकंद फिरला, थांबला.
पुन्हा फिरला, पुन्हा थांबला.
टीव्हीच्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’,
बाकी अक्षर नाही.

मग सुरू झालं एकेकाला वगळून बघणं.
मेमरीच्या दोन पट्ट्या. एक काढली.
ती लावून दुसरी काढली.
या खाचेतून त्या खाचेत.
सोनेरी दात खोडरबरानं घासले,
कारण देवगडात खारं वारं कुलपालाही सोडत नाही.
नाण्याएवढी बॅटरी काढून रात्रभर बशीत ठेवली.
हिरवी तार काळीला क्लिपनं जोडून पाहिली:
वीज येतेय. विजेचा दोष नाही.
गजराच्या मोडक्या घड्याळातला भोंगा लावला,
निदान रडेल तरी, म्हटलं.
पीं नाही.

हे असं न बोलणं माझ्या ओळखीचं आहे.
सोसायटीत एखादा खलाशी येतो,
काउंटरपुढे उभा राहतो, टोपी चुरगाळत,
आणि कागद चाळल्यावर मला कळतं
त्याचं नावच यादीत नाही.

पुस्तिकेतली बारीक अक्षरं भिंगानं वाचली, तेव्हा तेच.
बोर्ड गोदामात दोन वर्षं पडलेला;
प्रोसेसर त्याच्यामागून जन्मलेला.
बैठक तीच, पाय तेवढेच, तेराशे एकतीस,
खिटी खट्‌कन बसते,
पण यादीत नाव नाही.
यादी नवी करायची तर यंत्र चालू हवं.
यंत्र चालू व्हायचं तर यादीतलं कुणी हवं.

इब्राहिम सोलकरांकडे गेले.
त्यांचा सायबर कॅफे लॉकडाऊनमध्ये बंद पडला तो पडलाच,
आता ते जाळ्यांची नायलॉन दोरी विकतात.
ऐकून हसले. फळीवरून चुन्याची डबी काढली,
आत कापसावर निजलेला एक जुना प्रोसेसर.
“म्हाताऱ्याक बसव आधी.
नव्याची वळख तोच करून देतलो.”
एक पाय वाकला होता.
त्यांनी सुईनं, श्वास धरून, सरळ केला,
जाळ्याची आस सांधणाऱ्या त्याच बोटांनी.

पडदा उजळला. कोपऱ्यात तारीख, २०१८ ची.
यादी नवी करायला चार मिनिटं,
आणि खाली ताकीद:
मध्येच वीज गेली तर बोर्ड पुन्हा उठणार नाही.

आमच्याकडे वीज विचारून जात नाही.

म्हणून रात्री खोका ओढणीत बांधला,
टीव्ही दिगूच्या स्कूटरवर, उशी लावून,
आणि गेलो बर्फाच्या कारखान्यात.
क्रशर धडधडत होता, पायाखाली गार पाणी.
रामकृष्ण तारीनं पालथ्या क्रेटवर प्लास्टिक अंथरलं,
आणि लाइट असतानाच जनरेटर चालू केला.
निळी पट्टी सरकू लागली.
अठ्ठावन्नावर अडली.
“श्वास घे गो बाय,” तारी म्हणाला.
घेतला की नाही, आठवत नाही.

शंभर.

म्हातारा उतरवला, नवा बसवला.
पंखा फिरला,
तीन सेकंद, चार, पाच,
आणि फिरतच राहिला.

वायफायचं कार्ड अजून ऐकत नाही.
आवाज डाव्या बाजूनंच येतो.
त्याचं बघू नंतर; आधी डबी परत करायची होती.
सोलकर दोरी मापत होते, मान वर न करता म्हणाले,
“वळाखल्यान मां?”
हो, म्हटलं.
त्यांनी डबी कानाशी हलवून पाहिली,
आत काही खडखडत नाही ना,
आणि फळीवर ठेवली,
अंधारातही हात घातला की सापडेल अशी.