हिरवी शाई

भदाणे आप्पांच्या चिठ्ठ्या मी टाइप करायचो
अकरा वर्षं, दोंडाईच्याला, स्टेशन रोडवर.
खाली खताचं दुकान, वर आमचं संपर्क कार्यालय.
मजकूर पाठ होता:
पत्रवाहक माझ्या परिचयाचे असून
यांच्यावर तातडीने उपचार व्हावेत, ही विनंती.
परिचय कसला, सही करता करता आप्पा विचारायचे,
कुणाचा रे तू? मालपूरचा का निमगूळचा?
आणि ती हिरव्या शाईतली सही,
शेवटच्या अक्षराची शेपटी पार कागदाबाहेर निघालेली,
धुळ्याच्या सिव्हिलमध्ये दाखवली
की भरलेल्या वॉर्डात एक खाट रिकामी सापडायची.

नागपूरच्या अधिवेशनात त्यांचा एक तारांकित प्रश्न लागला:
आरोग्य केंद्रात दोन वर्षे डॉक्टर नाही, हे खरे आहे काय?
छापील उत्तर आलं: हे अंशतः खरे आहे.
परतीच्या गाडीत आप्पा अकोल्यापर्यंत हसत होते.
अंशतः डॉक्टर कसा असतो रे भाऊ,
नुसतं मुंडकं येतं का नुसते पाय?
अकोल्यानंतर काही बोलले नाहीत.

मग सहाशे तेरा मतं.
लेटरपॅडचे साडेतीन गठ्ठे उरले होते.
प्रत्येक कागदावर 'आमदार'च्या आधी
मी पेनाने 'माजी' लिहीत बसलो.
शाई तीच. खाटा मात्र मिळेनाशा झाल्या.

पुण्याहून दोघं आले, पाठीला बॅगा.
त्यांना असा माणूस हवा होता
ज्याला तीनशे गावांत कुत्रं भुंकत नाही.
आप्पा उपाध्यक्ष झाले, ग्रामीण विस्तार.
धुळ्याला हायवेवर काचेचं ऑफिस,
धोतर गेलं, गळ्यात पट्टा आला, पट्ट्याला फोटो.
लोक हसले. मीही हसलो थोडा.
आप्पा म्हणाले, चिठ्ठी घेऊन गेलेले तुला आठवतात.
माझा जिना न चढलेले कुणी मोजले?
कार्डाला ओळख लागत नाही.
यावर मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही.
मी कार्ड काढलं. बायकोचंही काढलं.

निंबाबाईने काढलं ते फोटो बघून.
आप्पाना फोटू शे ना यानावर? मंग?
एकोणीस वर्षं ती मिरचीचे देठ खुडते.
पथारीवर लालभडक ढीग, ओढणीने बांधलेलं तोंड,
संध्याकाळी भाकरी थापताना
बोटं पाण्यात बुडवून ठेवते, मग पिठात.
पावसाळ्यात छाती भरली. तीन दिवस ऑक्सिजन.
कंपनीचा कागद आला:
आजार पूर्वीपासूनचा. अर्जात खोकला जाहीर केलेला नाही.

दोंडाईच्यात खोकला जाहीर करायचा?
इथं वरातीतला घोडा खोकतो.
कीर्तनात बुवा खोकतो, आणि टाळकरी
तो ताल धरून पुढे जातात.

कागद घेऊन मी धुळ्याला गेलो.
आप्पांनी खुर्ची दिली, चहा सांगितला,
चष्मा वर करून दोनदा वाचलं.
खाली सही नव्हती. एक लांबलचक नंबर होता.
हे माझ्या हातात नाही, म्हणाले,
आणि खरंच हात बघत राहिले थोडा वेळ.
मग दार लोटलं. खालचा खण ओढला.
आत आमचं जुनं पॅड, कडा पिवळ्या पडलेलं,
वर माझ्याच अक्षरातलं 'माजी'.
नाव काय म्हणालास बाईचं?
पत्रवाहक माझ्या परिचयाच्या असून...
पेन कोरडं होतं. त्यांनी निबावर हा हा करून
तोंडाची वाफ दिली, तरी अर्धी सही फिकी उमटली.

सिव्हिलला डॉक्टर नवीन, लातूरकडचा पोरगा.
कागद उजेडात धरून म्हणाला, हे कोण?
माझ्या तोंडात दोन पदव्या होत्या.
आमच्या गावाकडचे आहेत, म्हणालो.
त्याने कागद मला परत दिला,
आणि स्टेथोस्कोप कानाला लावत
निंबाबाईला म्हणाला,
मावशी, खोका बरं एकदा.

ती माझ्याकडे बघायला लागली,
खोकू का नको म्हणून.