लिफ्टमधला खोका

वीज गेली की मी हजेरी घेते.
अंधारात मुलं जरा खरं बोलतात.

ओडेसा, डिसेंबर, शाळेचं तळघर.
पूर्वी इथे कोबीच्या बरण्या असत,
भिंतींना अजून आंबूस वास आहे.
एकोणीस मुलं, अकरा ब्लँकेटं,
हनुक्काची पाचवी संध्याकाळ.

धडा होता : शूर माणसं.
धड्यात मक्काबी, तलवारी, आणि एक हत्ती,
ज्याच्या पोटाखाली भाला घेऊन शिरला
तो वेडा एलाझार.
मुलांना हत्तीच आवडतो.
ल्योवाने तर त्याच्या सोंडेला रणगाड्याची नळी जोडली.
छान, मी म्हटलं. आता असा शूर सांगा
ज्याला हत्ती भेटलाच नाही.

कुणी बोलेना.
मग नेखामा : "माझी आजी.
सायरन वाजला तरी आधी सूप उतरवते, मगच खाली येते."
"तो शूरपणा नाही, हट्ट आहे," ल्योवा म्हणाला.
एक कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो,
मला ठाऊक नाही. मी गप्प बसले.

"आमच्या लिफ्टमध्ये खोका असतो,"
मिरोन बुटांकडे बघत म्हणाला.
सगळ्यांच्याच लिफ्टमध्ये असतो.
वीज मध्येच जाते, लिफ्ट दोन मजल्यांत लटकते,
तीन तास, चार तास,
आत कुणी म्हातारं, कुणी पोटुशी,
म्हणून कुणीतरी ठेवून जातं
पाणी, बिस्किटं, टॉर्च, रक्तदाबाच्या गोळ्या,
झाकणाची बादली.

"त्यातली बिस्किटं मी खाल्ली.
अडकलो नव्हतो. नुसतीच भूक लागली होती.
कागद फुगवून परत ठेवला,
पुडा भरलेला दिसावा म्हणून."

तळघरात श्वास ऐकू येत होते.
बावीस वर्षं शिकवतेय,
अशा वेळी काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नाही.
"मग?" एवढंच विचारलं.

"दुसऱ्या दिवशी पुडा नवा.
मग मी जिन्यात बसायला लागलो, कोट घालून,
कोण ठेवतं ते बघायला. आठवडाभर.
चौथ्या मजल्यावरचे फीमाकाका निघाले.
तेच, दार आपटणारे. आमचा बॉल न देणारे."

"त्यांनी तुला पाहिलं?" छोट्या इदाने विचारलं.
"पाहिलं ना. म्हणाले, थंडीत काय बसलायस, गाढवा,
ही बाटली आत ठेव, मला वाकता येत नाही."

मेणबत्त्या लावल्या. पाच, आणि त्यांना पेटवणारा शमाश.
ल्योवाने गणिताची वही पुढे सरकवली.
थांब रे. या पाचांच्या उजेडात काम करायचं नसतं,
त्या नुसत्या पाहायच्या. तसा नियम आहे.
"मग गृहपाठ?"
शमाशच्या उजेडात कर. त्याला आपण मोजत नाही,
पण कामाला तोच येतो.

बोलले, आणि वाटलं, झाला की धडा,
किती सुरेख जुळून आलं!
पण ऐकत कोण होतं?
मुलं मिरोनभोवती जमून विचारत होती,
बिस्किटं कसली होती, साधी की खसखशीची.

घरी आले तरी वीज नव्हती.
लिफ्ट तळमजल्यावर, तोंड उघडं टाकून.
दहा महिने तिच्यातून चढतेय, उतरतेय,
खोक्यात कधी डोकावले नव्हते.
अर्धी बाटली पाणी. एक मोजा.
पर्समध्ये माझ्याकडे खडू, चष्मा, इदाने दिलेली गोळी.
गोळी ठेवली. मग लाज वाटली.
सहा मजले चढून जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी आणली,
शेवटची, बहिणीने केलेली.
ठेवताना हात जरा रेंगाळला, खोटं कशाला सांगू.

आणि चमचा विसरले होते.
पुन्हा वर गेले.