दार उघडं, शनिवार-रविवार

बंद राइस मिलचं शटर
आम्ही दोघांनी मिळून वर ढकललं
तेव्हा आधी बाहेर आला तो कोंड्याचा वास.
इथे धान भरडणं थांबून तीन वर्षं झाली.
आता पाटी आहे: गावकला केंद्र, मौजा सावरटोला.
खाली खडूनं, माझ्याच अक्षरात:
काम होताना पाहा.

मी रजिस्टर घेऊन बसले.
नाव, गाव, काय आवडलं.
पहिल्या तासात तीन कोंबड्या आणि पोलीस पाटील.
मग ब्रह्मपुरीची एक शाळा, नागपूरच्या दोन गाड्या.

पारबताबाई सूप विणायला बसली
आणि अडली.
चाळीस वर्षं न चुकलेली कामटी
बोटांत उलटी फिरली.
"लोकं पाहून रायले त हात इसरते वो,"
म्हणाली, आणि समोरच्या चष्मेवाल्याला
बांबू दिला, कोयती दिली: "घ्या. सोला."
त्याचं बोट कापलं. हळद लावली.
मग तिचे हात तिला आठवले.

आडकू मेस्त्रीचा पडदा वीस फुटी.
झाडीपट्टीच्या कितीक रात्री उभा राहिलेला राजवाडा,
भिंतीवर मावेना,
म्हणून मिलच्या मधोमध बल्लीला टांगला
आणि एका मिलच्या दोन झाल्या.
आडकू शिडीवर चढून
उडालेल्या खांबाला पुन्हा संगमरवर देत होता.
"संगमरवर पायलं का जी कधी?" पोरानं विचारलं.
"नाई बा. पन तो मले ओरखते."

इसराम पराते मागावर.
कोशाचं कापड, वाळल्या गवताच्या रंगाचं,
हातभर झालेलं.
धोटा इकडून तिकडे गेला
की पोरांच्या माना इकडून तिकडे.
माझ्या यादीत होतं:
कोसा – इसराम पराते.

"सूत कोण काढतं?"
ब्रह्मपुरीच्या मास्तरणीनं विचारलं.
इसराम धोट्याकडे पाहत म्हणाला,
"होते ते घरी."

घरी नव्हतं होत.
गया तिथेच होती, राजवाड्याच्या पाठीमागे,
जिथे रंग नाही, नुसतं मांजरपाट,
आणि पलीकडून पाझरून आलेले खांबांचे डाग.
परातीत उकडलेले कोसे,
लुगडं वर खोचलेलं,
तळहाताखाली मांडीवर वळत जाणारं सूत.
"मांडी उघडी टाकून कोनी बसते का वो लोकायपुढं?
आन् मांडीबिगर हे निंगत नाई."

मी काही बोलले नाही.
गुडघ्याच्या वर एक पट्टा दिसला,
गुळगुळीत, घाटाच्या पायरीसारखा झिजलेला.
पलीकडे टाळ्या वाजल्या, धोट्यासाठी.
ती थांबली नाही.

कोणी सांगितलं नव्हतं.
एक कोसा तेवढा परातीतून निसटला
आणि घरंगळत पडद्याखालून गेला,
मास्तरणीच्या चपलेशी.
तिनं तो उचलला, हुंगला, पिशवीत टाकला.

रविवारी ती परत आली, सात मुली घेऊन,
आणि कोसा पुढे धरला, उसना आणल्यासारखा.
गया बराच वेळ पाहत राहिली.
"या. पन बाप्ये नोको."

नवव्या वर्गातल्या एका मुलीनं
सलवार गुडघ्यापर्यंत सारली.
सूत तुटलं. पुन्हा तुटलं.
मग वीतभर टिकलं,
आणि राजवाड्यामागे असा हशा झाला
की आडकू शिडीवरून ओरडला,
"खांब हालते ना बायांनो!"

संध्याकाळी मी यादीत दुसरं नाव लिहायला घेतलं.
गया म्हणाली, "लिवू नोको.
लिवशीन त फुडच्या साली म्होरं बसवशीन."
मी पेन तसंच धरून राहिले.
रजिस्टरात शेवटची ओळ त्या मुलीची,
काय आवडलं, त्याखाली:
तुटलेलं सूत मांडीवरच परत जुळते.

पडदा गुंडाळता आला नाही,
खांब अजून ओला होता.
वारा लागावा म्हणून
शटर हातभर वर ठेवून
आम्ही घरी गेलो.