न दिसणाऱ्या जागी

कालामात पाऊस पडत नाही.
ऊन पडतं, आणि खाणीची धूळ,
तांबूस, मैद्यासारखी,
बंद काचांतूनही आत येऊन बसते
भाडं बुडवणाऱ्या उतारूसारखी.

त्यावर माझं दुकान चालतं. तीन फळ्या.
वरच्या फळीवर सिलिकॉनचे स्प्रे : एक फवारा, आरशासारखी चकाकी.
मधल्या फळीवर वास : नारळ, व्हॅनिला, नवी गाडी.
(नव्या गाडीचा वास इथे किती जणांनी घेतलाय, देव जाणे.)
खालच्या फळीवर मॅट,
पाण्यासारखं, बिनवासाचं, ऊन अडवणारं.
त्यासाठी वाकावं लागतं, म्हणून खपत नाही.

सोमवारी यास्ना आली, निबाल्दोची मुलगी.
बापाची शेअर टॅक्सी आता ती चालवते.
म्हणाली, न चकाकणारं काही आहे?

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी वरच्या फळीकडे नेलेला हात
तसाच हवेत राहिला.

तिने मला बाहेर नेलं,
ड्रायव्हरच्या जागी बसवलं.
दुपारचे साडेपाच, रस्ता पश्चिमेकडे.
समोरच्या काचेत दुसरा एक डॅशबोर्ड तरंगत होता,
हवेच्या जाळ्या, उलटी टांगलेली प्लास्टिकची मेरी,
आणि त्यांच्यामागे कुठेतरी रस्ता,
असलाच तर.

मार्चमध्ये याच वळणावर
निबाल्दोने पाववाल्याच्या तीनचाकीला धडक दिली.
मेलं कुणी नाही. पाव रस्ताभर.
त्याने गुडघ्यांवर बसून ते मोजले, एकसष्ट,
सगळ्यांचे पैसे दिले,
आणि रात्री किल्ली टेबलावर ठेवली :
माझे डोळे गेले.
डॉक्टर म्हणाले, गेले नाहीत.
डॉक्टरचं कोण ऐकतो.

अकरा वर्षं, एकाआड एक शनिवारी,
ती बाटली त्याला मीच दिली.
वर म्हणायचो,
एका हाताने काय होतंय, दोन हात मार, निबाल्दो,
उतारूला त्यात तोंड दिसलं पाहिजे.

मी वाकलो. गुडघा कुरकुरला.
आधी जुनी चकाकी उतरव, तिला सांगितलं,
कोमट पाणी, साधा साबण, दात घासायचा मऊ ब्रश,
जाळ्यांच्या खाचांत विशेष.
फडकी दोन, ओलं वेगळं, कोरडं वेगळं.
फवारा फडक्यावर, प्लास्टिकवर नाही.
स्टिअरिंगला नको, पेडलला तर मुळीच नको.
आणि ही भेग आहे ना, मेरीच्या पायाशी,
ती कुठल्याच बाटलीने भरत नाही.
भरते असं कुणी म्हणालं तर,
मी म्हणालो तरी, विश्वास ठेवू नकोस.

बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत होतं :
आधी न दिसणाऱ्या जागी वापरून पाहा.
ती सीटखालच्या पट्टीवर एक बोट लावून
अर्धा तास थांबली.
तेवढ्या वेळात मीही
गल्ल्यामागे उभा राहून, ओठ न हलवता,
एक वाक्य लावून पाहिलं.
डाग पडला.
पुन्हा पाहिलं.

गुरुवारी ते दोघं आले.
निबाल्दो शेजारच्या सीटवर, टोपी मांडीवर.
डॅशबोर्डवरून बोट फिरवून म्हणाला,
मेल्यासारखा दिसतोय. याचे पैसे घेतलेस?
घेतले, मी म्हणालो. आणि निबाल्दो, ते मार्चमधलं...

तो ऐकत नव्हता. समोर बघत होता.
ऊन तिथेच होतं, साडेपाचचं, नाकासमोर.
त्या कोपऱ्यावर चांभार कधी आला?
होताच, यास्ना म्हणाली. चार वर्षं.

बराच वेळ त्याने पाटीवरची अक्षरं
एकेक करून वाचली, फोन नंबरसकट.
मग म्हणाला, आणखी एक दे याची बाटली.
तीन महिने लागणार नाही, मी म्हणालो,
हे थोडंच लावायचं असतं.

मग तू खाणार काय, गाढवा?
तो म्हणाला,
आणि टोपी डोक्यावर ठेवली.